पावणेचार तास

माणूस गेल्याची बातमी कशी सांगतात हे धर्माला एसटीतल्या बत्तीस वर्षांनी शिकवलं होतं. म्हणून मंगळवारी दुपारी तो ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसला होता, फोन वाजला, आणि पलीकडचा परका पोरगा "काका, आधी घाबरू नका" असं म्हणाला, तेव्हाच पुढचं सगळं त्याला कळून चुकलं. बाकीचं त्याने ऐकलं ते रीत म्हणून. पोरगा भगीरथ, कसाऱ्याचा, गल्फात दोह्याला धर्माच्या मुलाच्या, दिपेशच्या खोलीवर राहणारा. दिपेश सकाळी आंघोळीला गेला तो तिथेच पडला. मेंदूत रक्त उतरलं. आता हॉस्पिटलात काचेच्या खोलीत आहे, आत फोन नेऊ देत नाहीत, भेटायला दिवसातून एकदाच सोडतात. "जिवंत हाय काका," भगीरथ म्हणाला, "पण शुद्ध नाय. डॉक्टर बोलले, घरचं माणूस बोलवून घ्या. कंपनी तिकीट देते, व्हिसा देते. तुमचा पासपोर्ट हाय ना? उद्या संध्याकाळच्या विमानात बसलात तर रात्री इथं." धर्माला त्याची कणव आली. एवढंसं पोर, परक्या मुलखात, आणि त्याच्यावर ही पाळी. त्याने हातातली शेंग सुपात ठेवली आणि उतारूला समजवायच्या जुन्या सवयीच्या आवाजात म्हणाला, "समजलं मला, बाळा. तू त्रास करून नको घेऊ."

"मग कंपनीला काय सांगू काका? येताय ना?"

"मी येऊन काय करू आता? तुमी त्याला इकडं पाठवायचं बघा."

मग भगीरथ हळूच म्हणाला, "असा नाय पाठवता येनार काका. एवढ्यात तरी नाय." धर्मा म्हणाला, ठाव हाय मला, वेळ लागतो, लागू दे. फोन ठेवल्यावर त्याला पहिल्यांदा वाटलं ते दुःख नव्हतं, एक प्रकारचं समाधान होतं, की आपण त्या पोराला तोंड फोडून सांगायला लावलं नाही. शेंगा तशाच राहिल्या. अंगणात कोंबडी फिरत होती, ती सुपाशी आली आणि त्याने तिला हाकललं नाही.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, कल्याणहून मुरबाडला येणाऱ्या दुपारच्या गाडीत, त्याला हे पहिल्यांदा भेटलं होतं. स्टँडवर एका माणसाने त्याला बाजूला घेतलं. त्या तिथं पिशवी घेऊन उभा आहे ना, त्याचा बाप सकाळीच गेला, त्याला आजारी आहे एवढंच सांगितलंय, तेव्हा काही बोलू नका, नीट पोचवा म्हणजे झालं. त्या माणसाच्या पिशवीत मोसंबी होती, आजारी बापासाठी घेतलेली. म्हारळ, रायते, गोवेली, प्रत्येक थांब्याला तो विचारायचा, मास्तर, किती टाइम लागेल, आणि धर्मा तिकिटांचा ट्रे छातीशी धरून सांगायचा, आलंच. मधेच त्याने एक मोसंबं काढून धर्माला दिलं. धर्माने ते घेतलं आणि खिशात ठेवलं. त्याच्या गावच्या थांब्यावर खांद्यावर टॉवेल टाकलेली चार माणसं उभी होती. त्यांना पाहून तो उठला, पिशवी सीटवर तशीच राहिली, आणि उतरताना त्याने धर्माकडे एकदा वळून पाहिलं. तुला माहीत होतं, असं ते बघणं होतं. पण त्यात राग नव्हता. पुढे अशी माणसं दर महिन्याला एखादं तरी भेटायचं, आणि धर्मा त्यांना न सांगता ओळखायला लागला. तो त्यांना ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवायचा, चहाचा थांबा टाळायला लावायचा, आणि उतारू चढला-उतरला की डोक्यावरची दोरी ओढून दोन घंट्या जरा लवकरच द्यायचा, म्हणजे गाडी सुटायची. त्याला या कामाचा अभिमान होता. तिकीट कोणीही फाडतं, असं तो बायकोला, ताराबाईला म्हणायचा, माणूस पोचवता आला पाहिजे. आणि एकदा तो नगरच्या मुक्कामी ड्युटीवर असताना त्याच्याच नावाने डेपोत निरोप आला, वडलांना बरं नाही, मिळेल त्या गाडीने ये. माळशेज घाट उतरेपर्यंत तो आपल्याच जागेवर बसून तोंडाला रुमाल लावून रडला. घरी आला तेव्हा बाप तिरडीवर होता. निरोप आला आणि माणूस जिवंत भेटला, असं आपल्या उभ्या जन्मात झालं नाही, असं त्याला त्या मंगळवारी वाटलं, आणि ते त्याला इतकं खरं वाटलं की त्याने पुन्हा तपासून पाहिलं नाही.

आत जाऊन त्याने ताराबाईला सांगितलं ते त्याच भाषेत. दिपेशला बरं नाय. ताराबाईने चुलीवरचं आधण उतरवलं, पदराने हात पुसले, आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. किती नाय, असं तिने विचारलं नाही. चाळीस वर्षं ती कंडक्टरची बायको होती. नम्रता, सून, मुरबाडला तहसील कचेरीसमोर झेरॉक्सच्या आणि ऑनलाइन अर्जांच्या दुकानात कामाला होती. तिला धर्माने फोन केला की आईंना बरं नाय, ये. शेअर जीपने ती तासाभरात आली. गाव मुरबाडपासून दोन टप्प्यांवर, बारा किलोमीटर, पण जीप भरल्याशिवाय सुटत नाही. अंगणात आली तेव्हा तिच्या हातात सासूसाठी घेतलेल्या इलेक्ट्रॉलच्या पुड्या होत्या. ओट्यावर बायका बसलेल्या, आणि त्यांच्या मधोमध सासू धडधाकट. नम्रता एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला कळायला जो वेळ लागला तेवढा वेळ धर्मा अंगणाच्या कडेला पाठ करून उभा होता.

मग तिने त्याला काय ते नीट विचारलं, आणि त्याने भगीरथ जे म्हणाला ते शब्दाला शब्द सांगितलं. खोटं त्याने काहीच सांगितलं नाही, हे पुढे त्याला कितीदा तरी आठवायचं होतं. नम्रता म्हणाली, "पण बाबा, ते बोलले ना, जिवंत हायत म्हणून." तिच्या आवाजात आशा होती. तिला लवकरात लवकर त्या आशेतून सोडवणं हे आपलं काम आहे असं त्याला वाटलं. तो म्हणाला, "असंच सांगतात, पोरी." तिने भगीरथचा नंबर मागितला. तो म्हणाला, मी बोलतो ना त्याच्याशी, तू नको. धर्माची बहीण कमळाबाई तोवर आली होती, तिने नम्रताचा फोन काढून घेऊन तांदळाच्या कणगीत ठेवला, कारण लोक वेळकाळ न बघता स्टेटसला फोटो लावतात आणि पोरीला ते दिसायला नको. धर्माने गावातल्या पोरांनाही ताकीद दिली की मयत दारात येईपर्यंत कोणी कुठे काही टाकायचं नाही. सगळं त्याने नीट केलं. दिवेलागणीला कमळाबाई आतल्या दारात येऊन उभी राहिली आणि तिने भावाला विचारलं, दादा, पोरीच्या हातात हिरव्या बांगड्या हायत, फोडायच्या नाय, आताच्या दिवसांत कोनी फोडत नाय, साबण लावून काढून ठेवते, चालंल? धर्माने मान हलवली. न्हाणीतून पाण्याचा आवाज आला आणि बांगड्या एकमेकींवर ठेवल्याचा आवाज आला.

गल्फातून मयत यायला दिवस लागतात हे आजूबाजूच्या चार गावांना ठाऊक होतं. खर्डीकडच्या एका माणसाला नऊ दिवस लागले होते, सरळगावच्या एकाला सहा. पोलिसांचा कागद, कंपनीचा कागद, वकिलातीचा कागद. त्यामुळे दुसऱ्या दिवशी भगीरथचा फोन आला आणि तो म्हणाला, "तसाच हाय काका, डॉक्टर बघतायत," तेव्हा धर्माने ओट्यावरच्या लोकांना सांगितलं, कागद व्हायचेत अजून. तिसऱ्या दिवशी भगीरथ म्हणाला, "काका, अजून टाइम हाय, या ना. कोनीतरी सही करायला पन पायजे," तेव्हा धर्मा म्हणाला, सही तूच कर बाळा, माझा विश्वास हाय तुझ्यावर. पोरगा म्हणाला, बरं काका. त्या बरंमध्ये एक थंडपणा होता. धर्माच्या तो ध्यानात आला, पण त्याने तो दमणुकीवर ढकलला. इकडे चूल पेटत नव्हती, शेजारची घरं पाळीपाळीने पिठलं-भाकर आणून ठेवत होती. गावच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक घरातून लाकूड आलं. घरामागे आंब्याच्या आणि ऐनाच्या फाट्यांचा ढीग उभा राहिला, आणि धर्मा रोज सकाळी जाऊन त्यातली ओली लाकडं बाजूला काढायचा. ओलं लाकूड धुरतं, वेळ घेतं. दिपेशला धूर सोसायचा नाही, लहानपणी चुलीपाशी बसला की खोकायचा. हे आठवून धर्मा त्या ढिगाऱ्यापाशी उकिडवा बसला आणि त्याने तोंड दाबून धरलं, आणि तोंडातून जे आलं ते रडणं आहे की खोकला हे त्याचं त्यालाच कळेना.

लहानपणी दिपेश सुट्टीत त्याच्याबरोबर गाडीत यायचा. मागच्या लांब सीटवर बसायचा आणि विचारायचा, बाबा, टोकावडे किती टप्पे? आळेफाटा किती टप्पे? सहा किलोमीटरचा एक टप्पा, हा हिशेब त्याने शाळेच्या पाढ्यांआधी पाठ केला. सगळं जग तो त्यातच मोजायचा. पहिलीला असताना त्याने विचारलं होतं, चंद्र किती टप्पे, आणि ड्रायव्हर इतका हसला की वैशाखऱ्याच्या वळणावर गाडी जरा बाहेर गेली. दोहाला नोकरी लागली, मोठमोठ्या इमारतींचे एसी बघायची, तेव्हा पहिल्या फोनवर तो म्हणाला होता, "बाबा, मुंबई ते दोहा तेवीसशे किलोमीटर. टप्पे काढा." धर्माने मनातल्या मनात भागून सांगितलं, तीनशे त्र्याऐंशी, वर दोन किलोमीटर. दिपेश खूष झाला. "आनी टाइम किती लागतो म्हाईत हाय? पावणेचार तास. तुमची नगरची फेरी याच्याहून जास्त व्हायची." हे धर्माला खरं वाटेना. नगरची गाडी चांगल्या दिवशी पाच तास घ्यायची, घाटात धुकं असलं तर सहा. तेवीसशे किलोमीटर त्याहून आधी संपतात, म्हणजे मधलं सगळं जातं कुठे? रस्त्यावर गावं असतात, थांबे असतात, माणसं चढतात-उतरतात, तहान लागते, भूक लागते, त्यातूनच तर लांबी होते. पावणेचार तासांत पोचता येतं ते लांब कसलं, आणि ते जर लांब नाही तर पोरगा दोन-दोन वर्षं दिसत का नाही. दिपेशने त्याच्या मागे लागून पासपोर्ट करून घेतला. मुरबाडच्या पोलीस ठाण्यात पडताळणीला धर्मा इस्त्रीचा सदरा घालून गेला, आणि फोटोत त्याचा चेहरा असा आला की ताराबाई म्हणाली, कोनी बघितलं तर तुमालाच आत टाकतील. नम्रताचाही करायचा होता, पण तिच्या लग्नानंतरच्या नावाचे कागद जुळत नव्हते, ते राहिलं. एकदा या बाबा, मग दर फोनवर दिपेश म्हणायचा. धर्मा म्हणायचा, भात कापून होऊ दे. मग म्हणायचा, गुडघा दुखतो. मग वाल काढून होऊ दे. खरं म्हणजे त्याला भीती वाटत होती. ज्या गाडीत दोरी नाही, जी मधे कुठे थांबवता येत नाही, तीत बसायची भीती. बत्तीस वर्षं त्याने दुसऱ्यांना पोचवलं होतं, स्वतः तो नगरच्या पलीकडे कधी गेला नव्हता.

शुक्रवारी, म्हणजे चौथ्या दिवशी, संध्याकाळी माणसं घरोघर गेली होती. ताराबाई आत पडून होती. धर्मा ओट्यावर एकटा बसला आणि त्याला काही कारण नसताना सावळी आठवली. किन्हवलीवरून शहापूरला जाणारी गाडी, पंधरा-वीस वर्षांपूर्वीची. सावळी नावाची एक ठाकरीण माहेरी निघाली होती, आईला बरं नाही म्हणून निरोप आला होता. ती पहिल्या थांब्यापासून जी रडायला लागली ती थांबेचना. आई आई करून तिने गाडी डोक्यावर घेतली. बायांनी तिला पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला, धर्माने तिला पुढच्या सीटवर बसवलं, चहा टाळला, दोन-दोन घंट्या दिल्या. तिच्या पाड्याच्या फाट्यावर गाडी थांबली तर समोर, रस्त्याच्या कडेला, तिची आई बसलेली. कपाळाला पाला बांधून, हातात काठी, ताप उतरलेला, लेक कोणत्या गाडीने येते ते बघायला बसलेली. अख्खी गाडी हसली. सावळी हसली नाही, ती उतरून म्हातारीच्या अंगावर कोसळली आणि तिला मारायलाच लागली, दोन्ही हातांनी. ते बघून लोक आणखी हसले. धर्माही हसला होता, आणि डेपोत येऊन त्याने ही गंमत सगळ्यांना सांगितली होती. गंमत म्हणून ठेवली होती, म्हणून मंगळवारी ती बाकीच्या निरोपांत सापडली नाही. तो ओट्यावरून उठला. भगीरथचे शब्द त्याने एकेक करून समोर मांडले. जिवंत हाय. शुद्ध नाय. काचेची खोली. अजून टाइम हाय. मेलेल्या माणसाला कसला टाइम?

त्याने भगीरथला फोन लावायचा तो लावला नाही. काय विचारणार? माझा पोरगा मेला का, असं? आणि पोरगा म्हणाला नाही काका, तर मग हे चार दिवस, ही लाकडं, आत ती पोरगी मोकळ्या हातांनी बसलेली, याचं काय करायचं? त्याऐवजी त्याने दिपेशचाच नंबर लावला. रिंग गेली. मरून चार दिवस झालेल्या माणसाच्या फोनमध्ये चार्जिंग कसं असेल, हे त्याच्या मनात आलं, आणि लगेच उत्तरही आलं की भगीरथ करत असेल चार्ज, लोकांचे फोन येत असतील. रिंग पूर्ण वाजली आणि थांबली. त्याने पुन्हा लावला नाही. पेटीतून पासपोर्ट काढला, उघडला, आरोपीसारखा आपला चेहरा पाहिला. पुढची सगळी पानं कोरी होती. इतक्यात कमळाबाई कंदिलाची काच पुसत बाहेर आली, त्याच्या हातात ते निळं पुस्तक पाहून म्हणाली, "दादा, आता कशाला काढलास ते?" धर्माने ते सदऱ्याच्या आत सरकवलं. सकाळी विचारू, असं त्याने ठरवलं. तिकडे अडीच तास मागे आहे, तिकडे अजून दुपारच आहे, असंही त्याने मनाशी म्हटलं. आणि त्या वेळी, कोणी छातीवर हात ठेवून विचारलं असतं तर त्याला सांगावं लागलं असतं, की मेलेल्या मुलासाठी काय करायचं ते त्याला येत होतं. लाकडं निवडता येत होती, बायकांना गप्प करता येत होतं, लोकांना ओट्यावर बसवता येत होतं. अंथरुणावर पडलेल्या मुलासाठी तेवीसशे किलोमीटर कसं जायचं, ते येत नव्हतं.

सकाळी भगीरथचाच फोन आला. नऊ वाजले होते. तो रडत होता, चार दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणाने रडत होता. "काका, गेला. आत्ता, इथल्या पावणेसहाला."

"आज?" धर्मा म्हणाला. त्याचा आवाज इतका साधा आला की त्याचा त्यालाच धक्का बसला.

"आज काका. काल संध्याकाळी शुद्ध आली होती. दहा मिनिटं. मला आत सोडलं, त्याचा फोन माझ्याकडंच होता, नर्सला सांगून आत नेला. तुमचा मिस्ड कॉल पडलेला, तो मी त्याला दाखवला." भगीरथने नाक शिंकरलं. मग म्हणाला, "त्याला वाटलं तुमी निघालात. एअरपोर्टवरून केला असंल फोन, असं वाटलं त्याला. बोलता येत नव्हतं. बोटांनी दाखवलं त्यानं. तीन बोटं, मग चौथं जरासं मुडपून. मला काय कळलं नाय ते."

धर्माला कळलं. भगीरथ म्हणाला, काका, मी पहिल्या दिवशीच तुमाला बोललो होतो जिवंत हाय म्हणून. तुमी यायला नाय म्हटलात, मी कोन तुमाला बोलनार. मला वाटलं घरात काय असंल. आणि धर्मा म्हणाला, तुझी चूक नाय बाळा. आता खरोखरच पाठवायचं बघ.

ओट्यावर नेहमीची माणसं येऊन बसली होती. कोणीतरी विचारलं, झाले का कागद? धर्मा म्हणाला, होतील दोन-तीन दिवसांत. त्याच्या गावात, त्याच्या घरात दिपेश मंगळवारी मेला होता आणि सगळ्यांचं रडून ओसरलं होतं. आता त्याच्यासाठी नव्याने रडणारा एकटा धर्मा होता, आणि त्याला ते कोणापुढे करता येत नव्हतं. लाकडाच्या ढिगामागे जाऊन त्याने ते केलं. चार दिवस वाळलेली लाकडं चांगली कडक झाली होती. नीट जळतील, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या विचाराची त्याला अशी किळस आली की तो उठून शेताच्या बांधापर्यंत चालत गेला आणि तिथे ओकला. भावकीने दहाव्याची तारीख विचारली तेव्हा तो म्हणाला, आधी येऊ दे. तीन दिवस त्याने कोणाला काही सांगितलं नाही. सांगायचं नाही हे त्याला चांगलं येत होतं.

पुढच्या मंगळवारी सहार विमानतळाच्या मालधक्क्यावर पेटी घ्यायला तो, एक पुतण्या आणि नम्रता गेले. बायका जात नाहीत, असं कमळाबाई म्हणाली होती. नम्रता फक्त चप्पल घालून ॲम्ब्युलन्समध्ये जाऊन बसली. पेटी साध्या लाकडाची होती, वर इंग्रजीत नाव आणि वजन लिहिलेलं. तिथल्या माणसाने सह्या घेतल्या आणि कागदांचा गठ्ठा धर्माच्या हातात दिला. धर्माने तो घडी करून खिशात घालायला घेतला, तर नम्रता म्हणाली, द्या, मी सांभाळते. नाही म्हणायला कारण सापडलं नाही. परत येताना पुतण्या पुढे ड्रायव्हरशेजारी बसला आणि हे दोघं मागे, पेटीच्या एकेका बाजूला. विमान तिकडून सव्वातीन तासांत आलं होतं, येताना वारा पाठीशी असतो म्हणे. इथून ठाण्यालाच दीड तास गेला. पुढे बायपासला कंटेनरची रांग. शहाडच्या पुलाखाली गाडी अर्धा तास जागची हलली नाही, ड्रायव्हरने सायरन वाजवून पाहिला आणि बंद केला. नम्रताने गठ्ठा मांडीवर उघडला होता. दुकानात दिवसभर ती लोकांचे असले कागदच वाचायची, जन्माचे, मृत्यूचे, नावातल्या चुका शोधायची. एका कागदावर तिचं बोट थांबलं. ते तसंच राहिलं, मग तिने आधीचा कागद पाहिला, मग नंतरचा.

"बाबा," ती म्हणाली, "तारीख चुकलीय ह्यांची. गेल्या मंगळवारची चार पायजे, आठ टाकलीय. तिन्ही कागदांवर आठच हाय."

धर्माने तिच्याकडे पाहिलं. तिने आपणहून त्याला वाट काढून दिली होती. हो म्हणायचं होतं फक्त. परके लोक, घाईत लिहितात, चुकतं. ती उद्या दुकानात जाऊन दुरुस्तीचा अर्ज करील, तो फेटाळला जाईल, आणि ती ते विसरून जाईल. पुढच्या सीटवरच्या उतारूला आलंच, आलंच म्हणत त्याने उभा जन्म काढला होता. त्याने तोंड उघडलं. पेटीवरचं नाव त्याला दिसत होतं, इंग्रजीतलं, तेवढं त्यालाही वाचता येत होतं.

"नाय," तो म्हणाला. "तारीख बरोबर हाय."

तिने कागद मिटला नाही. गाडी हलली, दहा-वीस फूट पुढे जाऊन पुन्हा थांबली. बाहेर कोणीतरी भाजलेले शेंगदाणे विकत होता. तिने विचारलं, किती तास लागतात तिकडं जायला? आवाज अगदी शांत होता, कुठल्याही स्टँडवर कोणीही विचारावं तसा. धर्मा म्हणाला, पावणेचार तास. तिने मान हलवली. मग तिने दोन्ही हात मांडीवर, त्या कागदांवर, उपडे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिली. मनगटांवर बांगड्यांच्या जागी फिकट पट्टे होते, ते अजून उन्हाने रापले नव्हते.

"ते होते, बाबा," ती म्हणाली. "ते होते, आनी तुमी माझ्या बांगड्या उतरवल्या."

धर्माचा हात आपोआप वर गेला. डोक्यावर दोरी शोधत गेला, गाडी थांबवायला की सोडायला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. वर नुसता पत्रा होता. हात तिथे टेकून राहिला. पुढे रस्ता मोकळा झाला, ड्रायव्हरने गियर टाकला, आणि पुतण्याने मागे वळून सांगितलं की आता म्हारळ, रायते, तासाभरात घर.